मुंबईच्या उभारणीत शहापूर-मुरबाडचा वाटा
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाच्या चालकांनी आम्हांस या व्यासपीठावरून चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहो. आम्ही इतिहाससंशोधक नव्हे. मॅट्रिक होऊन शिक्षकी पेशात शिरलो आणि सदतीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळांतून मुलांस बाराखडी व पाढे शिकविले, एवढीच आमची पुंजी. तेव्हा विद्वत्तेचा आव न आणता, जे वाचले, जे पाहिले आणि जे घरात भोगले, तेवढेच आपणांपुढे ठेवणार आहो.

विषय मुंबई शहराच्या उद्योगधंद्यांचा आहे. कोणी म्हणेल, मुंबईची कथा मुंबईकरांनी सांगावी. शहापूर-मुरबाडच्या भातशेतकऱ्यास तिचे काय? आमचे उत्तर असे की, मुंबईची कथा सांगणाऱ्यांनी आजवर मालकांची नावे लिहिली, पुढाऱ्यांची लिहिली, आणि चाळींतून राहणाऱ्या कामगारांचीही पुष्कळशी लिहिली. परंतु जो मनुष्य दिवसा मुंबईत राबला आणि मुक्कामास गावी परतला, त्याचे नाव ना शहराने लिहिले, ना गावाने. आपल्या दोन तालुक्यांचा वाटा नेमका या न लिहिलेल्या पानात आहे. ते पान आपणच लिहिले पाहिजे, एवढेच सांगण्यासाठी आम्ही येथे उभे आहो.

आरंभ थोडा मागून करू. मुरबाड तालुक्यातील नाणेघाट आपण सर्वांनी पाहिला आहे. सातवाहनांच्या काळी सोपारा-कल्याण बंदरांतून जुन्नरकडे जाणारा माल याच घाटाने वर चढे. तेथील लेण्यात राणी नागनिकेचा शिलालेख आहे, आणि घाटमाथ्यावर जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण आजही उभा आहे. म्हणजे समुद्रकाठचा व्यापार आणि घाटावरचा मुलूख यांमधील वाट दोन हजार वर्षे आपल्या उंबऱ्यावरून गेली आहे. वाट बदलली, वाहने बदलली. उंबरा तोच राहिला.

१८५३ साली, एप्रिलच्या १६ तारखेस, बोरीबंदर ते ठाणे ही पहिली आगगाडी धावली, हे शाळेतील प्रत्येक मुलास ठाऊक असते. पुढचा भाग मात्र कोणी सांगत नाही. १८५४ मध्ये ती गाडी कल्याणास आली, १८५५ मध्ये वासिंदपर्यंत पोचली, १८६० मध्ये आसनगावास आणि १८६१ मध्ये कसाऱ्यास. त्यानंतर थळघाट आडवा आला. कसाऱ्याहून इगतपुरीस लोहमार्ग जोडण्यास १८६५ साल उजाडले. हा चढ असा आहे की सदतीस फूट पुढे जावे तेव्हा गाडी एक फूट वर चढते. म्हणून कसाऱ्यास गाड्यांना मागून जादा इंजिने जोडण्याची वहिवाट पडली. सुरुंग लावून डोंगर फोडणे, बोगदे पाडणे, दऱ्यांवर पूल उभारणे ही कामे हजारो मजुरांच्या हातून झाली. त्यांची नावे कोठल्याही दगडावर कोरलेली आम्हांस आढळली नाहीत.

या लोहमार्गावरून खानदेश-वऱ्हाडचा कापूस मुंबईस उतरू लागला. ताडदेव येथे कावसजी नानाभाई दावर यांनी स्थापन केलेल्या कंपनीची पहिली कापडगिरणी १८५६ मध्ये चालू झाली. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, विलायतेस तिकडचा कापूस मिळेनासा झाला, आणि मुंबईच्या व्यापाऱ्यांकडे पैशाचा पूर लोटला. तो पूर ओसरला. पुढे गिरण्या मात्र वाढत राहिल्या. १९०० च्या सुमारास मुंबईत ऐंशीच्या आसपास गिरण्या होत्या. दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम चाले, आणि आठवड्याची सुटी ठाऊक नव्हती. महात्मा जोतीराव फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि सतत खटपट करून १८९० च्या जून महिन्यात रविवारची सुटी मिळविली. या सुटीचा आमच्या घराशी काय संबंध, ते पुढे सांगू.

या गिरण्यांत सर्वांत मोठा भरणा कोणाचा, असे विचाराल तर तो रत्नागिरीकडच्या कोकणी माणसाचा व सातारा-कोल्हापूर-पुणे या घाटावरच्या जिल्ह्यांचा. खोटा अभिमान कामाचा नाही. आपल्या दोन तालुक्यांचे लोक त्यांत होते, पण संख्येने थोडे. मग आपला वाटा कोणता?

पहिला वाटा रानाचा व शेताचा. मुंबईच्या ट्रामगाड्या पहिली कित्येक वर्षे घोडे ओढीत. घोडागाड्या, बैलगाड्या आणि गवळ्यांचे म्हशींचे गोठे यांनी ते शहर भरलेले होते. या जनावरांसाठी ठाणे जिल्ह्याच्या माळांवरचे गवत जाई; चुलीसाठी लाकूड व कोळसा जाई; आणि पोटासाठी भात जाई. येथे एक गोष्ट मन मोठे करून कबूल केली पाहिजे. रानात कोळशाच्या भट्ट्या लावणारा हात बहुतेक कातकऱ्याचा होता, आणि लाकूडतोडीत ठाकूर बांधव राबत होते. आगाऊ उचल घेऊन तो मनुष्य भट्टीवर जाई आणि ती उचल कधी फिटत नसे. वेठबिगारी मोडणारा कायदा १९७६ साली आला. आपल्या समाजाचा इतिहास लिहिताना, आपल्याच बांधावर राबलेल्या या शेजाऱ्यांचा इतिहास गाळला, तर मुंबईने आपल्याशी जे केले तेच आपण त्यांच्याशी केल्यासारखे होईल.

दुसरा वाटा पाण्याचा, आणि तो सर्वांत मोठा. १८९१ च्या खानेसुमारीत मुंबईची वस्ती सव्वाआठ लाखांच्या घरात गेली होती. विहार व तुळशी हे तलाव पुरेनात. गिरण्यांच्या बाष्पयंत्रांस पाणी हवे, कापड धुण्यास व रंगविण्यास पाणी हवे, सूत तुटू नये म्हणून खात्यांत हवा दमट ठेवावी लागे, त्यासही पाणी हवे. तेव्हा शहापूर तालुक्यात तानसा नदीवर सुमारे पावणेतीन किलोमीटर लांबीचे दगडी धरण बांधण्यात आले आणि १८९२ मध्ये ते पाणी मुंबईस पोचले. पुढे १९५७ मध्ये वैतरणेवर धरण झाले. अभियंते मोडक यांच्या नावाने त्यास मोडकसागर म्हणतात. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी भातसेचे पाणी जाऊ लागले. ते पिसे येथे अडवून उचलतात आणि पांजरापूर येथे शुद्ध करून पुढे धाडतात. आज मुंबईच्या पाण्यापैकी सुमारे निम्मे एकट्या भातसेचे आहे. २०१४ साली मध्य वैतरणेचे धरणही या साखळीत आले.

मुरबाडकरांनीही हात आखडता घेतला नाही. १९७२ साली औद्योगिक विकास महामंडळाने बारवी नदीवर धरण बांधले. डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांस त्याचे पाणी जाते. धरणाची उंची वाढविली तेव्हा मुरबाडकडील गावे व पाडे पाण्याखाली गेले. काळू नदीवरील नियोजित धरणाचा प्रश्नही मुरबाडपुढे उभा आहे.

इतके पाणी देणाऱ्या शहापूर तालुक्याची उन्हाळ्यातील स्थिती काय? मार्च सरला की गावोगावी टँकरची वाट पाहणाऱ्या बायका हंडे मांडून बसतात. आमच्या शाळेतील मुली मे महिन्याच्या सुटीत नव्हे, परीक्षेच्या दिवसांतही पाण्यामुळे उशिरा येत. तानशाची भली मोठी जलवाहिनी दाखवून आम्ही मुलांस भूगोल शिकवीत असू. एकदा तिसरीतल्या एका मुलीने विचारले, “गुरुजी, हे पाणी आपल्या गावाला थांबत का नाही?” आम्ही अभ्यासक्रमातील उत्तर दिले. ते उत्तर आहे असे तिला वाटले नाही, आणि खरे सांगावयाचे तर आम्हांसही वाटले नाही.

तिसरा वाटा प्राणांचा. १९४२ च्या चळवळीत भाई कोतवाल यांच्या आझाद दस्त्याने मुंबईच्या कारखान्यांस व रेल्वेस वीज पुरविणाऱ्या तारांचे मनोरे पाडले. इंग्रज सरकारची युद्धसामग्री मुंबईत तयार होते, तेव्हा तिची नाडी या डोंगरांतून वाहते, हे त्या वीरांनी ओळखले होते. १९४३ च्या जानेवारीच्या २ तारखेस मुरबाड तालुक्यातील सिद्धगडाच्या रानात भाई कोतवाल व हिराजी पाटील यांनी देह ठेवला. मुंबईचा कारखाना आणि मुरबाडचे रान यांचे नाते समजावून घेण्यास याहून मोठा दाखला शोधावा लागत नाही.

चौथा वाटा माणसांचा, आणि येथे आम्ही आमच्या घरात येतो.

आमचे वडील १९५२ साली वयाच्या विसाव्या वर्षी लालबागकडील एका गिरणीत लागले. आधी बदली म्हणून, मग सूतखात्यात कायम. रोज गावाहून जाणे पाळीच्या वेळेमुळे जमत नसे; म्हणून सहा दिवस ते बारा जणांच्या एका खोलीत वळकटीवर काढीत आणि शनिवारी पाळी सुटली की आसनगावची गाडी धरीत. तेथून गावापर्यंत दोन तास पायी. रात्री कंदील घेऊन आम्ही भावंडे ओढ्यापर्यंत सामोरे जात असू. रविवार हा आमचा वडील असण्याचा दिवस. लोखंडे यांचे नाव आम्ही मॅट्रिक झाल्यावर वाचले. परंतु १८९० साली त्या गृहस्थाने जी सुटी मिळविली, तीमुळेच आम्हांस बाप ठाऊक झाला, हे त्या दिवशी ध्यानात आले.

आणि उरलेले सहा दिवस? राब भाजणे, आवणी, निंदणी, कापणी, झोडणी हे सर्व आमच्या आईने केले. गिरणीच्या पगारावर तीन मुलांची शिक्षणे झाली हे खरे. पण घरचा भात नसता तर त्या पगारात सहा तोंडे जगली नसती. गिरणीमालकास मजूर स्वस्त पडला, कारण त्याच्या कुटुंबाचा निम्मा शिधा गावच्या बाईने पिकविला. हा हिशेब कोठल्याही गिरणीच्या ताळेबंदात सापडावयाचा नाही.

पुढे उपनगरी गाड्या वाढल्या, आणि आपले अनेक बांधव आसनगाव, वासिंद, कसारा येथून रोज ये-जा करू लागले, मुरबाडकर एस.टी.ने कल्याण गाठू लागले, कारण मुरबाडला रेल्वे आली नाही. कोणी रेल्वेत, कोणी शहाड-मोहन्याच्या रेयॉन कारखान्यांत, कोणी अंबरनाथच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात लागले. कसारा मुंबईहून सुमारे १२० किलोमीटर. पहाटेच्या गाडीने निघून रात्रीच्या गाडीने परतणाऱ्या मनुष्याचे मूल त्यास झोपलेलेच दिसे. अशी पास काढून जगलेली दोन पिढ्यांची आयुष्ये आपल्या घराघरांत आहेत.

१९८२ च्या जानेवारीच्या १८ तारखेस डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. आम्ही तेव्हा नुकतेच नोकरीस लागलेले तरुण शिक्षक होतो. जूनमध्ये शाळा उघडली, तेव्हा एकट्या आमच्या वर्गात सहा मुले मुंबईच्या म्युनिसिपल शाळांचे दाखले घेऊन दाखल झाली. चाळीतले बिऱ्हाड मोडून कुटुंबे गावी आली होती. प्रवेशाच्या अर्जावर पालकाचा व्यवसाय लिहावयाचा असतो. एका गृहस्थास आम्ही विचारले, “काय लिहू?” ते म्हणाले, “मास्तर, गिरणीच लिहा. संप मिटेल.” आम्ही तसे लिहिले. तो संप रीतसर मागे घेतल्याचे कोणी कधी जाहीर केले नाही. त्या मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला आम्हीच लिहिला, तेव्हा त्याचे वडील वीटभट्टीवर गाड्या भरीत होते.

पुढे गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. १९९१ च्या नियमाने त्यांच्या जमिनींचा एक हिस्सा घरबांधणीसाठी व एक हिस्सा मोकळ्या जागेसाठी ठरला. २००१ च्या दुरुस्तीने हे हिस्से आक्रसले, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम केली. तरीही कामगारांनी लढून काही घरे पदरात पाडली. १९८२ च्या आरंभी वा त्यानंतर जो पटावर होता त्यास किंवा त्याच्या वारसास घर मिळावे असे ठरले, दीड लाखाच्या आसपास अर्ज आले, आणि २०१२ साली पहिली सोडत निघाली.

आता आमची कबुली. अर्जासोबत पुरावा हवा होता: गिरणीचे ओळखपत्र, तिकीट क्रमांक, भविष्यनिर्वाह निधीचा अथवा राज्य विमा योजनेचा क्रमांक, नोकरीचे प्रमाणपत्र, यांपैकी काहीतरी. वडील तोवर निवर्तले होते. त्यांची पत्र्याची पेटी आम्ही उघडली. आत वाळवीने खाल्लेला कागदांचा थर होता, आणि वर आमचीच प्रशस्तिपत्रके नीट प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेली होती. वडिलांनी आमचे कागद जपले होते. त्यांचे कागद जपावेत हे कोणाच्या मनातच आले नव्हते. ज्या मास्तराने सदतीस वर्षे शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरावर शाईचा डाग पडू दिला नाही, त्याच्या घरात बापाच्या तीस वर्षांच्या नोकरीचा एक चिटोराही शाबूत नव्हता. आम्ही अर्ज करू शकलो नाही. घर गेले याचे दुःख थोडे आहे. आम्हांस राहावयास घर आहे. परंतु आमच्या आईने विचारले, “म्हणजे ते तिथं नव्हतेच असं धरायचं का?” या प्रश्नाचे दुःख मोठे आहे.

बंधुभगिनींनो, हा प्रकार आमच्या एकट्याच्या घरी घडला असता तर या व्यासपीठावर बोललो नसतो. संमेलनापूर्वी पाच-पन्नास घरी आम्ही चौकशी केली. आजोबा कोठे होते? “मुंबईला.” कोणत्या कामावर? “गिरणीत असतील.” कोणत्या गिरणीत, कोणत्या खात्यात, किती वर्षे, हे सांगणारा नातू दहांत एक निघाला. पणजोबांचे श्राद्ध आपण चुकवीत नाही. त्यांनी आयुष्यभर काय काम केले, ते मात्र दोन पिढ्यांत विसरतो.

आणि काळ थांबलेला नाही. नागपूरहून येणाऱ्या समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा २०२५ च्या जूनमध्ये खुला झाला. तो आपल्या शहापूर तालुक्यातून जातो. त्याच्या बांधकामात २०२३ च्या ऑगस्टच्या पहिल्या रात्री सरळांबे येथे तुळई बसविणारे यंत्र कोसळून वीस माणसे मृत्यू पावली. त्यांतील बहुतेक परप्रांतांतून आलेले कामगार होते. एके काळी आपले आजोबा मुंबईस जसे परके मजूर होते, तशीच ही माणसे आपल्या गावी परकी होती. त्यांच्याही गावी कोणी म्हातारी विचारीत असेल, तो तेथे होता हे कोणी लिहून ठेवले काय?

म्हणून मंडळापुढे आमची एक साधी सूचना आहे. तीस पैसा फारसा लागत नाही. मंडळाने एक जाड नोंदवही बांधून घ्यावी आणि दर कुटुंबास तीत एक पान द्यावे. त्या पानावर कामाला बाहेर गेलेल्या प्रत्येक पूर्वजाचे नाव, गाव, कारखाना अथवा कचेरी, खाते, पासून-पर्यंत साल लिहावे. त्याच ओळीत, तो बाहेर असता घरी शेत कोणी सांभाळले त्या बाईचेही नाव लिहावे. धरणात, रस्त्यात, कारखान्यात जमीन गेली असल्यास तिचा गट क्रमांक लिहावा. बिल्ला, तिकीट, पगाराची चिठ्ठी, रेल्वेचा जुना पास असेल तर त्याचा फोटो काढून चिकटवावा आणि मूळ कागद घरी कोरड्या जागी ठेवावा. ज्यांच्याकडे कागद नाहीत त्यांनी म्हाताऱ्या माणसांचे तोंडी सांगणे तारीख घालून उतरून घ्यावे. ऐंशीच्या पुढची माणसे आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. पुढील संमेलनाची वाट पाहू नये. हस्ताक्षराचे काम आमच्याकडे सोपवावे. हात अजून थरथरत नाही.

ही वही झाली म्हणजे पाण्याचा हक्क मागताना, नव्या कारखान्यात मुलांस काम मागताना, जमिनीचा मोबदला मागताना आपणांस नुसते गाऱ्हाणे सांगावे लागणार नाही. आमच्याकडून काय काय गेले त्याचा हा हिशेब, असे म्हणून ती पुढे ठेवता येईल. आणि काहीच मिळाले नाही, तरी आपल्या नातवंडांस आजोबा कोण होते ते कळेल.

पहिले पान आम्ही आज लिहून आणले आहे. त्यावर वडिलांचे नाव आहे, खाते सूतखाते, सन १९५२ ते १९८२. शेत सांभाळणारी म्हणून आईचे नाव आहे. पुराव्याच्या रकान्यात आम्ही “मुलाची साक्ष” असे लिहून खाली सही केली आहे. हे पान आम्ही अध्यक्षमहाराजांच्या हाती देतो.